परबबाईंची डावी प्रदक्षिणा

आपल्याला पायावर उभं राहायला कुणी शिकवलं, असं विचारलं तर लोक आईचं नाव सांगतात. मी दोन नावं सांगतो. पहिल्यांदा आईने, वयाच्या अकराव्या महिन्यात. आणि दुसऱ्यांदा परबबाईंनी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. पहिल्या वेळी म्हणे सगळ्या वाडीने टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या वेळी मी पोलीसचौकीत होतो, त्यामुळे तो प्रकार जरा शांततेत पार पडला.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. मुंबई तापलेली. गिरगावात रोज मोर्चा, रोज घोषणा. आम्ही मानकर फणसवाडीत राहत होतो. आमचं घराणं मुंबईतलं जुनं. पूर्वी जमिनी होत्या, बागा होत्या, असं आई सांगायची. माझ्या वाट्याला त्यातली फक्त नाक वर करून चालण्याची सवय आली होती. एके दिवशी वाडीत निरोप फिरला की घरोघरी काळं निशाण लावायचं. आमच्याकडे काळं कापड नव्हतं. मी कचेरीचा अल्पाकाचा काळा कोट बांबूला बांधला, गॅलरीत चौरंग ठेवला, त्यावर चढलो आणि "झालाच पाहिजे" म्हणून हात वर केला. चौरंग सरकला. खाली गॅलरीतच चिंचेने घासून उन्हात ठेवलेला तांब्याचा बंब होता. माझं डोकं त्या बंबावर आपटलं, डाव्या कानाच्या जरा मागे.

नेमके त्याच वेळी खाली रस्त्यावर पोलीस लाठ्या चालवत होते, यात माझा काही दोष नाही. मी दोन दिवस इस्पितळात बेशुद्ध होतो. शुद्धीवर आलो तेव्हा माझा पराक्रम पुरा झालेला होता. एका शिपायाने जिना चढून येऊन माझ्या डोक्यात लाठी घातली होती, मी निशाण सोडलं नव्हतं, आणि वाडीने नारळ देऊन माझा सत्कार करायचं ठरवलं होतं. मी खरं सांगणारच होतो. पण डॉक्टरांनी बोलायला मना केलं होतं, आणि मी आयुष्यात कुठल्याही डॉक्टरचं इतकं ऐकलेलं नाही. माझ्या बायकोने, सुधाने, बंबाला पडलेला पोचा पाहिला आणि त्यावर टॉवेल वाळत घातला.

जखम भरली. पण भोवळ काही जाईना. मान वळवली की घर फिरायचं. कूस बदलली की पलंग बुडायचा. चार महिने मी दोन उशांमध्ये डोकं घालून आढीतल्या आंब्यासारखा पडून होतो. आई दृष्ट काढत होती, आमचे जुने वैद्य अशक्तपणावर द्राक्षासव देत होते, आणि सगळे म्हणत होते, "आराम करा, हलू नका." मी जितका आराम केला तितकी भोवळ वाढली. कचेरीतली रजा सरत चालली होती. आमची तिसरी पिढी त्या गोऱ्या कंपनीच्या कचेरीत कारकुनी करत होती, आणि ती खुर्ची माझ्या हातून जाणार असं दिसायला लागलं होतं. शेवटी एका डॉक्टरांनी मला परळला, पोलिओच्या मुलांसाठी नव्याने निघालेल्या व्यायामाच्या विभागात पाठवलं.

तिथे परबबाई होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पांढरं पातळ आणि पायात कॅनव्हासचे बूट. हा व्यायामोपचार मुंबईत शिकून निघालेल्या अगदी पहिल्या मुलींपैकी त्या एक. राहायच्या डिलाईल रोडला, चाळीत. त्यांचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते एवढं मला कुणीतरी सांगितलं, आणि मी मनात म्हटलं, आता आपल्याला गिरणीवाल्याची मुलगी चालायला शिकवणार. नाक वर करायला गेलो आणि भोवळ आली.

त्यांनी जखमेची खूण बोटाने चाचपली. "कशानं लागलं?"

"लाठीने," मी जरा छाती काढून म्हटलं.

"लाठीचा वण असा गोल नसतो, मानकर. सकाळपासून तीन लाठ्या बघितल्या मी. हा कसला तरी काठ आहे. कुठल्या बाजूनं, किती उंचावरून, खरं सांगा. मला सत्कार करायचा नाय, उपचार करायचाय."

मी बंब म्हणालो. हळूच म्हणालो. त्या हसल्या नाहीत. वहीत "तांब्याचा बंब, डावा कान, चौरंगाइतकी उंची" असं लिहून घेतलं. माझ्या शौर्याची खरी नोंद जगात तेवढीच एक आहे.

मग त्यांनी खिशातून सुतळीला बांधलेली लाकडी बॉबिन काढली, गिरणीत सूत गुंडाळतात तसली, आणि माझ्या डोळ्यांपुढे झुलवायला लागल्या. डोकं स्थिर, नजर बॉबिनवर. मग उलटं: बॉबिन स्थिर, डोकं हलतं. पहिल्या मिनिटाला मी बाकाची कड धरली. "चक्कर आली?" त्यांनी विचारलं. मी होय म्हटलं. "छान," म्हणाल्या.

हे "छान" मी पुढे तीन महिने ऐकलं. बाईंची सगळी विद्या त्या एका शब्दात होती. आजवर सगळ्यांनी मला भोवळीपासून लपवलं होतं. या बाई मला रोज तिच्या दारात नेऊन उभं करत होत्या. युद्धात डोक्याला मार लागलेल्या सोजिरांसाठी विलायतेत हे व्यायाम काढले, असं त्यांनी एकदा सांगितलं, पण त्यांचं स्पष्टीकरण चाळीतलंच होतं. "चक्कर म्हणजे पाहुणी नाय, भाडेकरू आहे. तुम्ही कोपऱ्यात सरकलात की ती सगळी खोली घेते. तिच्या अंगावरून रोज ये-जा करा. सवय तिला नाय, तुमच्या डोक्याला लावायचीय."

त्या कधीही हात देत नसत. जवळ उभ्या राहत, इतक्या जवळ की पडलोच तर धरतील, पण पडेपर्यंत हात मागे. जमिनीवर खडूची रेघ मारून त्यावरून चालायला लावत आणि मी पायांकडे पाहिलं की पट्टी आपटत. "पाय कुठं पळून जात नायत. डोळे पुढं ठेवा, पाय मागनं येतात." चेंडू डोक्यावरून टाकायचा, गुडघ्याखालून झेलायचा, खुर्चीवर बसायचं, उठायचं, गर्रकन वळून पुन्हा बसायचं. शेजारी लोखंडी पट्ट्या बांधलेली पोलिओची पोरं दोन बारांमधून चालत असायची. मी धपकन बसलो की ती खिदळायची. बाई त्यांना दटावत नसत. मला म्हणत, "बघा, तुमचा उपयोग होतो."

सुधाने एकदा घाबरत त्यांना विचारलं होतं, "तुम्ही मालीश करता ना?" आमच्या वाडीची अशीच समजूत होती. त्या म्हणाल्या, "नाय हो. मी माणसांना पाडते आणि उभं करते."

घरी जाऊन गोल गोल चाला, रोज शंभर फेऱ्या, असं त्यांनी सांगितलं. आमची खोली दहा बाय बाराची, तिच्यात पलंग, कपाट, आई, सुधा आणि मी. आईने तोड काढली. वाडीच्या तोंडाशी मारुतीचं लहानसं देऊळ होतं. "फेऱ्याच घालायच्या ना? मग देवाला घाल. पुण्य तरी लागेल." मी रोज सकाळी मारुतीला शंभर प्रदक्षिणा घालू लागलो. पहिल्या आठवड्यात भिंत धरून, मग न धरता. वाडीतल्या बायका म्हणू लागल्या, लाठीवीर किती भाविक आहे बघा. मला वाटलं, बरा झालो.

मग लालबागचा प्रकार घडला. परळहून परतताना मी ट्रामची वाट बघत उभा होतो. पलीकडून डाव्या हाताने आमच्याच वाडीतले एक गृहस्थ ओरडले, "अहो, लाठीवीर!" मी झटकन डावीकडे वळून बघितलं. रस्ता, दुकानं, ट्रामची तार, सगळं एकदम फिरलं आणि मी बाजूला उभ्या असलेल्या हवालदाराच्या अंगावर कोसळलो. दोघेही खाली पडलो. त्याची टोपी गटारात गेली.

तो दारूबंदीचा काळ. हवालदाराने माझ्या तोंडाला नाक लावलं. सकाळीच वैद्यांचं द्राक्षासव दोन चमचे घेतलं होतं. त्याचा वास कसा असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मला धरून चौकीत नेलं. तिथे मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. समोर चार पोलीस बसलेले असताना मी म्हणालो, "अहो, मी दारू नाही प्यायलो, मला लाठीमारात डोक्याला लागलंय."

"म्हणजे मोर्चेवाला पण काय!" हवालदार म्हणाला. एका गुन्ह्याचे दोन झाले.

सुदैवाने इस्पितळाचं कार्ड खिशात होतं. कुणीतरी निरोप नेला आणि अर्ध्या तासात परबबाई आल्या. मला वाटलं आता हात जोडतील, गयावया करतील. त्यांनी खिशातून खडू काढला आणि चौकीच्या फरशीवर रेघ मारली.

"लाठीबिठी काय नाय, साहेब. घरात बंबावर पडलेत. लाज वाटते म्हणून सांगत नायत." सगळी चौकी हसली. माझं हौतात्म्य तिथे संपलं. बाई पुढे म्हणाल्या, "आता बघा. मानकर, रेघेवरून या, आणि उजवीकडं वळा." मी वळलो. सरळ उभा राहिलो. "परत या. आता डावीकडं." मी डावीकडे वळलो आणि टेबलावरच्या दौतीसकट खाली गेलो. बाईंनी धरलं नाही.

"दारू प्यालेला माणूस दोन्ही बाजूंना पडतो," त्या हवालदाराला म्हणाल्या. "हे फक्त डावीकडं पडतात. अशी दारू तुमच्या बघण्यात असेल तर मला दाखवा."

हवालदाराने आणखी दोनदा करवून बघितलं. दोन्ही वेळा मी उजवीकडे उभा, डावीकडे आडवा. मग त्याने मला चहा पाजला आणि सोडून दिलं. बाहेर आल्यावर मला वाटलं बाई ओरडणार. त्या वेगळ्याच विचारात होत्या.

"उजवी बाजू इतकी सुधारली, आणि डावी जिथल्या तिथं. असं का? घरी फेऱ्या कशा घालता?"

"मारुतीला प्रदक्षिणा."

त्या रस्त्यात उभ्या राहिल्या आणि कपाळावर हात मारला. "सगळ्या उजवीकडूनच?"

"मग? देवाला डावीकडून कोण घालतं?"

पहिल्यांदा त्या मोठ्याने हसल्या. मग खिशातली बॉबिन मुठीत धरली. ट्राम येईपर्यंत त्यांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून तेवढंच एकदा ऐकलं. त्यांचे वडील साच्यावर होते तेव्हा सूत नेणारा धोटा उडून त्यांच्या कपाळावर बसला. जखम सात दिवसांत भरली, पण तोल कायमचा गेला. "कधी थेंब घेतला नाय बाबांनी. माळकरी माणूस. पण जिन्यात झोक गेला की चाळ म्हणायची, परब बेवडो झालो. गिरणीत पण तेच म्हणाले. काढून टाकलं. चौदा वर्षं झाली. आईनं त्यांना कोपऱ्यात बसवलं, हलू दिलं नाय. मी शिकून येईपर्यंत फार उशीर झाला होता." मग बॉबिन काढून दाखवली. "ही त्यांच्याच साच्यावरची."

मला तेव्हा स्वतःची फार लाज वाटली, आणि बंबाची नव्हे.

चौकीची बातमी कचेरीत पोचलीच. हेडक्लार्कची चिठ्ठी आली: रजा संपते त्या दिवशी सकाळी हजर व्हा, साहेब स्वतः बघतील. आमच्या कचेरीत दारातून आत शिरलं की लांबलचक हॉल, मधोमध एक खांब, आणि खांबापाशी डावीकडे वळलं की साहेबांचं टेबल. डावीकडे. माझ्या हातात तीन आठवडे होते.

मी बाईंना हे सांगितलं. त्या रविवारी त्या स्वतः फणसवाडीत आल्या. आईने त्यांना चहा दिला, कान तुटलेल्या कपातून. परक्या माणसांसाठी तो कप वेगळा ठेवलेला असे. मला ते दिसलं आणि मी गप्प बसलो. ते आजही खुपतं. बाईंनी चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, आता शंभर फेऱ्या उलट्या घालायच्या. डावीकडून."

आईने कानावर हात ठेवले. "मारुतीला? उलट्या? अहो, घरावर काय संकट आणायचंय? आमच्याकडे शास्त्र पाळतात."

"बरं," बाई शांतपणे म्हणाल्या. "शास्त्रच पाळू. शंकराला प्रदक्षिणा कशी घालतात, आजी?"

आई थबकली. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नसते. नंदीपासून निघायचं, पन्हळीपर्यंत जायचं, आल्या वाटेने परत फिरायचं, आणि मग दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत जाऊन परत.

"म्हणजे जेवढं उजवीकडं, तेवढंच डावीकडं," बाई म्हणाल्या. "आणि दोन्ही टोकांना गर्रकन वळायचं. माझ्या पुस्तकात लिहिलेला व्यायाम तुमच्या शास्त्रात आधीच आहे. मारुती सोडा, शंकराला जावा."

शास्त्र आमचं होतं, पण ते उपयोगी पडलं गिरणीवाल्याच्या मुलीच्या हातून. आपल्या मुलाला देवच बरा करणार या खात्रीने आई दुसऱ्याच दिवशी मला जवळच्या शंकराच्या देवळात घेऊन गेली. मी नंदीपासून निघालो, डाव्या वळणावर पन्हळीपाशी घसरलो आणि पुजाऱ्याच्या तबकात हात घातला. दुसऱ्या दिवशी फक्त भिंतीला आपटलो. तीन आठवडे मी त्या देवाला इतके हेलपाटे घातले की नंदीसुद्धा कंटाळला असेल. रात्री उशीवर डोकं टेकलं की डोळ्यांपुढे पन्हळ यायची. पण पलंग बुडणं थांबलं.

शेवटच्या दिवशी बाईंनी मला रेघेशिवाय चालवलं. चाललो. "आता माझ्याकडं येऊ नका," म्हणाल्या. "कचेरीत पायाकडं बघायचं नाय. टेबलावर घड्याळ असेल, त्याच्यावर नजर. चक्कर आली तर?"

"छान," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी मी तोच काळा कोट घातला. हॉलमध्ये सगळ्या कारकुनांनी टाक खाली ठेवले होते. खांबापर्यंत पोचलो. घड्याळावर नजर लावली आणि डावीकडे वळलो. जग किंचित हललं, आणि बसलं. मी उभा होतो. मात्र वळण पुरं झाल्याबरोबर, तीन आठवड्यांच्या सवयीने, मी डोळे मिटून हात जोडले आणि साहेबांच्या टेबलाला वाकून नमस्कार केला. साहेबांना वाटलं हा माणूस फारच विनयशील आहे. खुर्ची राहिली. तिच्यावर मी पुढे निवृत्तीपर्यंत बसलो, फार काही केलं असा आरोप माझ्यावर कुणी करणार नाही.

वाडीला मी बंबाचं खरं सांगून टाकलं. कुणी विश्वास ठेवला नाही. उलट विनय म्हणून आणखी एक नारळ मिळाला. आई मात्र बदलली. तिने कपाटातला चिनी मातीचा चांगला कप काढून वर ठेवला आणि मला सारखी म्हणायची, "अरे, त्या बाईंना एकदा जेवायला बोलाव." मी बोलावलं, चारदा बोलावलं. "पोरं आहेत हो," त्या म्हणायच्या, "वेळ नाय." कप वरच राहिला. कान तुटलेला कप आईने स्वतःच्या हाताने फेकून दिला.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी सकाळीच आईने पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. "त्या येत नाहीत तर तू जा." मी डिलाईल रोडला गेलो. रस्ता माणसांनी भरलेला. ढोल, लेझीम, गुलाल, चाळीचाळींतून तोरणं. म्हातारेकोतारे नाचत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते, तोल जात होते, हसत उठत होते. सगळा रस्ता झोकांड्या खात होता आणि त्या दिवशी कुणीही कुणाला बेवडा म्हणत नव्हतं.

त्या गर्दीत मला परबबाई दिसल्या. त्या रस्त्याच्या कडेने मागे मागे चालत होत्या, पाठ गर्दीकडे, एक हात वर, हातात सुतळीची बॉबिन. समोर एक वाळका म्हातारा होता. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर जुना वण. त्याला कुणी धरलं नव्हतं. नजर बॉबिनवर लावून तो एकेक पाऊल टाकत होता, आणि बाईंचा दुसरा हात पाठीमागे होता, माझ्या वेळी असायचा तसाच.

"बाबानू, हंय बघा. खाली नाय. आणि एक."

त्याने आणखी एक टाकलं. मग आणखी एक. नाचणाऱ्या त्या अख्ख्या रस्त्यात सरळ चालणारा तेवढा एकच माणूस होता.

मी अगदी जवळ होतो, म्हाताऱ्याच्या डाव्या हाताला. "बाई!" अशी हाक माझ्या ओठांवर आली होती. पण हाक ऐकून म्हातारा वळून बघेल आणि तोल जाईल, हे मला कळत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. मी पेढ्यांचा पुडा छातीशी धरून तिथेच उभा राहिलो, आणि ते दोघं गुलालात दिसेनासे होईपर्यंत हाक मारली नाही.